लाइन क्लिअर

बोरजाई रोड.
बोरजाई इथून तीन कोस, मध्ये खिंड
आणि कुणाला न जुमानणारा ओढा.
पुण्याहून तिकीट काढून उतरलेला पाहुणा विचारायचा, गाव कुठंय?
बा हात लांब करून पुरंदराकडचा डोंगर दाखवायचा.
स्टेशनाला नाव दुसऱ्याच्या गावाचं.
आमच्या वस्तीला तर नावच नव्हतं,
मग आम्हीही बोरजाई रोडचे झालो.

माझा बा, गुलाब मुलाणी, सांधेवाला.
कोपरावर ग्रीस, खिशात फुटाणे.
मास्तर हणमसागर, धारवाडकडचे,
हिशेब चुकला की कानडीत, रागावले की इंग्रजीत,
फक्त अंजिरं मागताना मराठीत.

पहाटेच्या गाडीला दोन मिनिटं थांबा.
दोन मिनिटांत साठ पाट्या अंजिरांच्या, वर पळसाची पानं.
बायका इंजिनाखाली कळशी धरायच्या,
ड्रायव्हर ओळखीचा असला तर कढत पाणी.
माझी पहिली अंघोळ म्हणे त्याच पाण्याची.
कोळशाचा वास अजून येतो, असं बायको म्हणते.

आणि गोळा.
पोलादी, कवठाएवढा, त्यावर कोरलेली अक्षरं.
मास्तर पुढच्या स्टेशनाशी घंटीत बोलायचे,
मग यंत्र खण्णकन तो ओकायचं.
वेताच्या कड्यात अडकवून बा ड्रायव्हरकडे द्यायचा.
ज्याच्या हाती गोळा, रूळ त्याचे.
पुढच्या यंत्राच्या पोटात तो पडेपर्यंत
दुसरी गाडी सुटायची नाही.
घरात भांडण पेटलं की आई म्हणायची,
"आज गोळा माझ्याकडं हाये. गप बसा."

दुष्काळाच्या साली मोठ्या लाइनीचं काम निघालं.
अख्खी वस्ती खडी फोडायला, आईसुद्धा,
मी बाभळीला बांधलेल्या झोळीत.
मजुरी आणि वर सुकडी.
चौथ्या महिन्यात कुणीतरी मान वर करून पाहिलं,
तर भराव ओढ्यापलीकडूनच वळून गेलेला.
कुणी काही बोललं नाही.
दिवसाची खडी मोजून द्यायची होती.

शेवटची गाडी मंगळवारी आली, सव्वा तास उशिरा.
हार नाही, नारळ नाही.
मास्तर बदलीच्या ट्रंकेवर बसलेले.
बा कडं उंच धरून उभा.
ड्रायव्हरनं हात बाहेर काढलाच नाही.
"ठेव रे मुलाणी, आता समोरून कोण येतंय?"
बत्तीस वर्षांत पहिल्यांदा
गाडी गेली आणि गोळा बाच्या हातात राहिला.
हे तो सांगायचा तेव्हा
उजवा हात आपोआप वर जायचा.

यंत्र भंगारात गेलं. रूळ उपटून नेले.
स्लीपरांची वस्तीत दारं झाली, पावसाळ्यात अजून फुगतात.
मुसाफिरखान्यात कुणाच्या तरी ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी.
गोळा लोणच्याच्या बरणीवर, झाकण दाबून.

परवा मोजणीवाले आले.
त्यातला एक पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र.
"काका, कागदावर नुसतं 'रेल्वे, पडीक' आहे.
नक्की कधी बंद झालं हे?"
मी बरणीवरचा गोळा आणून त्याच्या तळहातावर ठेवला.
वजनानं हात खाली गेला त्याचा.
म्हटलं, नियमानं बघाल तर बंद झालंच नाही.
हा अजून पुढच्या यंत्रात पडलेला नाही,
म्हणजे मंगळवारची गाडी वाटेतच आहे.
लाइन क्लिअर देता येत नाही कुणाला.

तो हसला. हसावं असंच होतं ते.
मग फितीचं टोक माझ्याकडे दिलं, घट्ट धरा म्हणाला,
आणि जुन्या भरावावरून निघाला,
घाणेरीची झुडपं पायानं सारत, पुढच्या स्टेशनाच्या दिशेनं.
फीत उलगडत गेली.
गोळा त्याच्या दुसऱ्या हातात तसाच होता.

मी हाक मारली नाही.